कृपया स्क्रीनकडे पाहा

कुणालीचा डावा डोळा लहानपणापासून बाहेरच्या बाजूला कललेला. ती समोर उभी राहून बोलायला लागली की उजवा डोळा तुमच्याकडे आणि डावा तुमच्या खांद्यापलीकडे कुठेतरी. नवीन माणूस हमखास मागे वळून बघायचा, ही नक्की कोणाशी बोलतेय म्हणून. शाळेत पोरांनी तिला काय काय नावं ठेवायची ती ठेवून झाली होती. आता चोविशीत ती कोणी मागे वळून बघितलं तर नुसती थांबायची, आणि तो माणूस पुन्हा तिच्याकडे वळला की राहिलेलं वाक्य पूर्ण करायची.

फोनवर मात्र तिला असं थांबावं लागत नसे. शहापूरला एका डॉक्टरांच्या छोट्या हॉस्पिटलात ती तीन वर्षं फोन घेण्याचं काम करत होती. नंबर लावून द्यायचा, रिपोर्ट आले का ते सांगायचं, डॉक्टर ऑपरेशनमध्ये असले तर तसं समजावायचं. तिचा आवाज जरा जाडसर, पण शांत. किन्हवली, डोळखांबकडच्या बायका फोन करून आधीच सांगायच्या, “ती रोजची पोरगी हाय ना, तिलाच द्या.” त्या तीन वर्षांत ती खर्डीला आपल्या मोठ्या बहिणीकडे, अनिताकडे राहिली. मग डॉक्टर मुलाकडे कायमचे बंगळूरला गेले, हॉस्पिटलला कुलूप लागलं आणि कुणाली मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला असलेल्या आपल्या गावी आईबापाकडे परत आली.

प्रज्वल कॉलेजात तिच्या वर्गात होता. शहापूरचाच. आता तो ठाण्याला, कंपन्यांना माणसं निवडून देणाऱ्या एका कचेरीत कामाला होता. दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला.

“कुणाली, एका मोठ्या हॉस्पिटलाला मराठीत फोन घेणारी माणसं पायजेत. घरी बसून काम. मी वाचला आणि पयली तूच आठवलीस.”

“घरी बसून? आमच्याकडं रेंज कुठं हाय?”

“खर्डीला ताईकडं हाय ना. तू अर्ज तर भर. मुलाखत पण घरूनच.”

“कोण घेणार?”

“कोण नाय. कॉम्प्युटर. प्रश्न स्क्रीनवर येतात, आपण कॅमेऱ्यासमोर बोलायचं. त्यात जे पास होतात त्यांच्याशी मग माणूस बोलतो. अर्ज येवढे येतात ना, की सगळ्यांशी बोलायला माणसं पुरत नायत.”

कुणालीला हे बरंच वाटलं. समोर माणूस नाही म्हणजे मागे वळून बघणारंही कोणी नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशीच ती खर्डीला आली. अनिताच्या नवऱ्याने कामावरच्या मित्राकडून लॅपटॉप मागून आणला होता. खोलीत दुसरं कोणी नसावं अशी अट होती, म्हणून अनिताने सकाळीच सासूला, सकुबाईंना, शेजारी बसायला पाठवलं. कुकर लावला नाही. टीव्हीची पिन काढून ठेवली. भिंतीवरचे फोटोसुद्धा उतरवले, कोणाचा चेहरा दिसायला नको म्हणून. मग ती आत जाऊन बसली आणि मधलं दार लोटून घेतलं.

कुणालीने आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, टेबलाखालची जागा दाखवली. मग पहिला प्रश्न आला. स्वतःची ओळख करून द्या.

तिने घसा साफ केला. “नमस्कार. माझं नाव कुणाली. मी मुरबाड तालुक्यात राहते. मी तीन वर्षं शहापूरमध्ये...”

स्क्रीनच्या वरच्या कडेला लाल पट्टी आली. कृपया स्क्रीनकडे पाहा.

कुणाली स्क्रीनकडेच बघत होती. तिला वाटलं, आपण लांब बसलोय. ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि सुरुवातीपासून बोलायला लागली. पट्टी गेली. ती हॉस्पिटलातल्या कामापर्यंत आली तोच पुन्हा तीच पट्टी, आणि आता खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ. तुमची नजर स्क्रीनबाहेर जात आहे.

तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तिने मान थोडी उजवीकडे वळवली. मग डावीकडे. डोळे ताणून मोठे केले. हनुवटी खाली घेतली. हे सगळं करताना तोंडाने ती बोलतच होती, पण काय बोलतोय ते तिचं तिलाच ऐकू येईनासं झालं. दुसरा प्रश्न आला, आधीची नोकरी का सोडली. “सोडली नाही, हॉस्पिटल बंद झालं,” एवढं ती म्हणाली आणि पट्टी पुन्हा आली. शेवटची सूचना. तिने एक हात डाव्या डोळ्यावर ठेवला. स्क्रीन पांढरी झाली. मधोमध दोन ओळी. तुमची मुलाखत थांबवण्यात आली आहे. सहभागाबद्दल आभार.

अनिताने दार ढकललं. “झाली? येवढ्यात?”

“हं.”

“कशी झाली?”

कुणाली अजून हात डोळ्यावर ठेवून बसली होती. अनिता जवळ आली, तिने स्क्रीन वाचली, बहिणीकडे बघितलं, आणि भिंतीवर फोटो परत लावायला घेतले.

निकाल चार दिवसांनी आला. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी चढावर येते. कुणाली तिथे उभी राहून मेल वाचत होती. मुलाखतीदरम्यान उमेदवाराची नजर वारंवार स्क्रीनबाहेर गेल्याचे आढळले असून बाहेरून मदत घेतली असण्याची शक्यता आहे. उमेदवाराचे अर्ज पुढील एक वर्ष विचारात घेतले जाणार नाहीत.

तिने तिथूनच प्रज्वलला फोन लावला.

“मी कॉपी केली म्हणतात रे.”

“काय?”

“बाजूला बघून वाचत होते म्हणे. मी तिकडंच बघत होते प्रज्वल. समोरच.”

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. तिला वाटलं रेंज गेली.

“हॅलो?”

“हाय मी,” प्रज्वल म्हणाला. “कुणाली, माझ्या डोक्यातच आला नाय गो. येवढी वर्षं तुला बघतोय ना, मला तुझा डोळा दिसतच नाय आता.”

कुणालीला रडू यायचं ते तेव्हा आलं. निकालाने आलं नव्हतं.

तिने मेलला उत्तर पाठवलं. माझा डावा डोळा जन्मापासून तिरळा आहे, मी कोणाची मदत घेतलेली नाही, कृपया माझी मुलाखत एखाद्या माणसाने बघावी. पाठवल्या पाठवल्या उत्तर आलं, की तुमचा संदेश मिळाला, या पत्त्यावर आलेले संदेश वाचले जात नाहीत.

प्रज्वल गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने कचेरीत सरावाची लिंक मिळवली. मुलाखतीसारखीच, पण निकाल न देणारी. “आपण बघू त्याला काय पायजे ते,” तो म्हणाला. “कसा बसलं की त्याला चालतं, ते शोधून काढू. मग तुझ्यावरचा शिक्का काढायचा काय तरी बघतो.”

रविवारी कुणाली शहापूरला त्याच्या घरी गेली. प्रज्वलची आई, चंद्रकला, चहा ठेवून तिथेच दारात बसली. तिला या प्रकाराचं नवल वाटत होतं.

आधी काळा चष्मा लावून झाला. डोळे दिसत नाहीत, अशी पट्टी आली. मग केस पुढे घेऊन डावा डोळा झाकला. चेहरा पूर्ण दिसत नाही. मग दिवा बदलला, टेबल खिडकीकडे वळवलं, लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून तो उंच केला. पट्टी येतच राहिली. शेवटी प्रज्वल म्हणाला, “मान हळूहळू वळव. मी सांगतो कधी थांबायचं.”

कुणालीने मान वळवत नेली. एका ठिकाणी लाल पट्टी गेली आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला.

“हां! हां, हलू नको! बस, हेच पायजे त्याला!” प्रज्वल उठून उभाच राहिला. “बोल आता. बोल काय तरी.”

ती बोलली. पट्टी आली नाही. ती बोलत राहिली तरी आली नाही.

“बघितलास? झाला ना! आता पुढचा प्रश्न वाच.”

कुणाली मान तशीच धरून बसली.

“वाच ना.”

“मला दिसत नाय.”

“म्हणजे?”

“मी तुमच्या कपाटाच्या कडीकडं बघतेय प्रज्वल. असा बसलं तर स्क्रीन दिसत नाय मला.”

प्रज्वलने तिच्या मागे येऊन, तिच्या डोक्याशी डोकं लावून बघितलं. खरंच. यंत्राला ती समोर बघतेय असं वाटायला हवं असेल तर तिने समोर बघायचं नव्हतं.

“मी वाचून दाखवतो,” म्हणत त्याने आवाज टिपणारं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि प्रश्न मोठ्याने वाचला. लगेच पट्टी आली. खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज.

चंद्रकलाला हसू फुटलं. मग तिने दोघांचे चेहरे बघितले आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने तोडगा काढला, “आमची समीक्षा बसंल की हिच्या जागी. चुलत बहीण लागते याची, गोरी-गोमटी हाय, डोळे सरळ. ती नुसती तोंड हलवील आणि ही मागून बोलंल.”

“आई, असलं कोणी करू नये म्हणूनच ते बसवलंय,” प्रज्वल म्हणाला. “आणि फोटो जुळत नाय मग.”

“जुळला असता तरी मी नसतं केलं,” कुणाली म्हणाली. “मग ते म्हणतात तेच खरं झालं असतं.”

चहा तसाच गार झाला.

नियम चाळता चाळता प्रज्वलला एक वाट सापडली. ज्यांच्याकडे अपंगत्वाचा सरकारी दाखला आहे त्यांना कॉम्प्युटरपुढे बसावं लागत नाही, त्यांची मुलाखत माणूस घेतो. कुणालीला दाखला हा शब्द ऐकूनच कसंसं झालं. आजवर तिने स्वतःला तसं कधी म्हटलं नव्हतं. पण ती तयार झाली. तिची आई, भागीरथी, म्हणाली, “मी येते सांगाती.”

सरकारी हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात गर्दी होती. आत तरुण डॉक्टरबाई होत्या, घाईत असूनही नीट बोलणाऱ्या. त्यांनी उजव्या डोळ्याने वाचायला लावलं, कुणालीने अगदी खालची ओळ वाचली. डाव्याने वरच्या दोनच. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.

“तुझं उत्तम चाललंय गं,” त्या म्हणाल्या. “एका डोळ्याने सगळं स्वच्छ दिसतं तुला. दाखल्याला कमीत कमी जेवढे टक्के लागतात, तेवढे तुझे भरत नाहीत.”

“पण त्या मशीनला मी समोर बघतेय ते कळत नाही.”

“ते मला पटतंय. तिरळेपणा आहे, असं मी लिहून देऊ शकते. दाखला नाही देता येत. मी दिला तरी वर तपासणीत उडेल.”

त्या लिहून देण्याचा काही उपयोग नव्हता. अर्जात दाखल्याचा नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, हे प्रज्वलने आधीच सांगितलं होतं.

“ऑपरेशनने होईल का सरळ?” कुणालीने विचारलं.

“दिसायला होईल. नजर नाही वाढणार. आणि या वयात केल्यावर काहींना एकाचे दोन दिसायला लागतात. बहुतेकांचं काही दिवसांनी जातं. कोणाकोणाचं राहतं.”

“दोन दोन दिसायला लागलं तर स्क्रीन वाचता येईल?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुला त्रास काहीच नाहीये. एका मशीनसाठी डोळ्याला हात लावून घे, असं मी तरी नाही सांगणार.” मग त्यांनी भागीरथीकडे बघितलं. “लहानपणी डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलं नव्हतं का कोणी?”

भागीरथीने पिशवी उचलली. पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

बाहेर येऊन दोघी एसटीची वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळाने भागीरथी आपणहून बोलायला लागली.

“मुरबाडच्या डॉक्टरने दिलेली पट्टी. तू अंगणवाडीत जायचीस तवा. चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे वाकडा डोळा कामाला लागंल. रोज लावायला सांगितलेली.”

“मग?”

“तू रडायचीस गो. पट्टी लावली का नीट दिसायचं नाय तुला, भिंतीला हात लावून लावून चालायचीस. उंबऱ्यावर पडलीस एकदा. मला नाय बघवला.”

“मीच काढून फेकली असंल.”

“नाय.” भागीरथीने मान हलवली. “मीच चुलीत टाकली. तुझ्या बापाला सांगितला, हरवली. परत आणली नाय. मला काय म्हाईत, पुढं कोन असा डोळा बघून माणूस पारखंल.”

कुणालीने आईचा हात धरला. समजूत घालावी असं तिला वाटत होतं. ओळखपाळख नसलेल्या माणसांना तिने फोनवर किती वेळा धीर दिला होता. इथे एक शब्द सुचेना. एसटी आली, तेव्हा दोघी तशाच उठल्या आणि मुरबाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

प्रज्वलच्या कचेरीच्या पुण्यातल्या एक वरिष्ठ मॅडम त्या दिवसांत काही उमेदवारांशी बोलत होत्या. मुलाखतीची पद्धत सुधारायची होती, त्यासाठी लोकांचे अनुभव हवे होते. प्रज्वलने त्यात कुणालीचं नाव घातलं, आणि वर स्वतः फोन करून सगळा प्रकार मॅडमना सांगितला.

कुणाली पुन्हा खर्डीला आली. पुन्हा लॅपटॉप. पण या वेळी स्क्रीनवर एक माणूस होतं. पन्नाशीच्या, कापलेल्या केसांच्या, हसऱ्या बाई.

“बोल कुणाली. अगदी मोकळेपणाने. मी ऐकायलाच बसलेय.”

कुणालीने सुरुवातीपासून सांगितलं. लाल पट्टी, मान वळवणं, कपाटाची कडी, दाखला. मॅडम मधून मधून टाइप करत होत्या, मान डोलवत होत्या. किती दिवसांनी कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेत होतं. कुणालीचा आवाज मोकळा झाला, ती हॉस्पिटलातल्या तिच्या कामाबद्दलही बोलायला लागली. तेवढ्यात मॅडमनी हात वर केला.

“एक मिनिट हं. सॉरी. तुझ्या बाजूला कोणी बसलंय का? नाही, बसलं असलं तरी हरकत नाही. फक्त माझ्याकडे बघून बोललीस तर बरं होईल.”

कुणाली थांबली, नेहमी थांबायची तशी.

“मी तुमच्याकडेच बघतेय, मॅडम.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, तोंडावरून हात फिरवला. “आय अ‍ॅम सो सॉरी. मला प्रज्वलने सांगितलं होतं. तू आत्ता मला तेच सांगत होतीस. आणि तरी मी...”

“असू दे मॅडम. होतं असं.”

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, “खरं सांगू का? तुझा आवाज, तुझं बोलणं, ह्या कामाला ह्याहून चांगलं माणूस मिळणार नाही. माझ्या हातात असतं तर मी आत्ता घेतलं असतं.”

“मग घ्या ना मॅडम.”

हे बोलायचं तिच्या मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

मॅडम खाली बघू लागल्या. “माझ्यापुढे जी नावं येतात ती त्या मुलाखतीतून पास होऊन आलेली असतात. हॉस्पिटलाशी तसाच करार आहे. मधूनच एखादं नाव घालायची सोय त्या सिस्टीममध्ये ठेवलेलीच नाही. मुद्दामच ठेवलेली नाही, कोणी वशिला लावू नये म्हणून. आणि त्या जागा भरल्यासुद्धा.” त्या थांबल्या. “तुझ्यावरचा शिक्का मी काढून घेते, तेवढं मी करू शकते. आणि ज्यांनी हे बनवलंय त्यांना लिहिते. परदेशातली कंपनी आहे. ते करतील बदल, पण त्यांच्या वेळेने. सहा महिने म्हण, वर्ष म्हण.”

“बरं.”

“तू सांगितलंस ते फार मोलाचं आहे कुणाली. पुढच्या लोकांना उपयोग होईल.”

“बरं मॅडम.”

बोलणं संपल्यावर सकुबाई बाहेरून आत आल्या आणि म्हणाल्या, “काय म्हनाली बाई? चांगली होती का?”

“चांगली होती मावशी,” कुणाली म्हणाली. आणि ते खरंच होतं. प्रज्वल चांगला होता, डॉक्टरबाई चांगल्या होत्या, या मॅडमही चांगल्या. कोणावर चिडावं ते तिला कळत नव्हतं.

शिक्का निघाला. तशी मेल आली. शिमगा होऊन गेला आणि प्रज्वलचा पुन्हा फोन आला. त्याच हॉस्पिटलात आणखी माणसं घेत होते.

“मशीन तेच हाय,” तो आधीच म्हणाला. “काय बदललेला नाय. मी विचारून घेतला. खोटं नाय सांगत तुला.”

“मग कशाला सांगतोस?”

“नाय सांगितला असता आणि तुला दुसरीकडून कळला असता तर?” त्याचा आवाज बारीक झाला. “मला काय करावा तेच समजत नाय कुणाली.”

ती थोडा वेळ टाकीपाशी उभी राहिली. खाली शेतात तिचा बाप, धर्मा, वालाची वाळलेली झाडं उपटून पेंढ्या बांधत होता.

“बसते मी,” ती म्हणाली.

जेवताना धर्माने विचारलं, “काय व्हायचा नाय ते ठावूक हाय, तर कशाला परत?”

“न बसता पण काय होणार नाय, बाबा.”

धर्माने भात कालवला.

ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्या महिन्यात वायफाय लागलं होतं. रविवारी तिथे कोणी नसतं. सरपंचांकडून चावी मिळाली, प्रज्वलने शनिवारी येऊन आपला लॅपटॉप देऊन ठेवला. एकटी पोरगी बंद कचेरीत नको म्हणून भागीरथी बरोबर गेली. खोलीत दुसरं कोणी चालत नाही हे तिला माहीत होतं. ती बाहेर पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली.

आधार कार्ड, चार भिंती, टेबलाखालची जागा. पहिला प्रश्न वेगळा होता, पण पट्टी तीच. कृपया स्क्रीनकडे पाहा. या वेळी कुणालीने मान वळवली नाही, डोळे ताणले नाहीत. ती सरळ बसली, सरळ बघत राहिली आणि उत्तर नीट पूर्ण केलं. दुसऱ्या प्रश्नाला पट्टी दोनदा आली. तिने तेही उत्तर पूर्ण केलं. तिसरा प्रश्न आला. रुग्णाला लवकरची वेळ मिळत नसल्याने त्याचा नातेवाईक फोनवर ओरडत आहे. तुम्ही काय बोलाल?

“काका,” कुणाली म्हणाली, आणि स्क्रीन पांढरी झाली.

मधोमध त्याच दोन ओळी. तिने त्या वाचल्या. बाहेर टोपलीत दाणे पडल्याचा आवाज येत होता.

“काका, मी ऐकतेय,” ती म्हणाली. “तुम्ही सगळं सांगा, मी फोन ठेवणार नाही. आधी मला एवढं सांगा, पेशंटला आत्ता कसं वाटतंय? बसलेत का झोपलेत? जेवलेत काही?... बरं. घरात आणखी कोण आहे तुमच्याबरोबर?... हो ना, एकट्याने सगळं करायचं म्हणजे जीव घाबरतो. तुम्ही ओरडलात त्याचं काही नाही. मी आता डॉक्टरांना विचारते. आज वेळ नसेल तर मी तसं स्पष्ट सांगेन, खोटं सांगून तुम्हाला बसवून ठेवणार नाही. पण कुठे लवकर बघतील तेही मी शोधून देते. एक मिनिट लागेल. मी इथेच आहे.”

दाणे पडायचे थांबले होते. दारात भागीरथी उभी होती, ओंजळीत शेंगा तशाच.

“कोन होता गो? कोनाचा फोन आलेला?”

“कोणाचा नाय.”

“मग कोनाशी बोललीस?”

“प्रश्न होता तसा. त्याचं उत्तर दिलं.”

भागीरथीने आत येऊन लॅपटॉपकडे बघितलं. पांढऱ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. ती मुलीच्या बाजूला उभी राहिली.

“शहापूरला पन असाच बोलायचीस? रोज?”

“हो.”

“मी कदी ऐकला नवता.” ती थोडी थांबली. “आता कदी सांगतील?”

कुणालीने लॅपटॉप मिटला. “सांगितलं त्यांनी.”

भागीरथीला कळलं. ती बाकड्यावर टेकली. कचेरीत उन्हाचा पट्टा टेबलापर्यंत आला होता, लांब कुठे तरी ट्रॅक्टर चालला होता. दोघींपैकी कोणालाच उठायची घाई नव्हती. शेवटी कुणालीनेच टोपली आत ओढली, आईच्या ओंजळीतल्या चार शेंगा मांडीवर घेतल्या आणि आईबरोबर सोलायला बसली.